इटलीच्या एकीकरणाचा एक चिकित्सक : डेनिस मॅक स्मिथ

मराठी समीक्षेला बेनेदेत्तो क्रोचे हे नाव नवे नाही. कला म्हणजे अभिव्यक्ती, या त्यांच्या सिद्धांताची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, रा. भा. पाटणकर यांनी तर क्रोचेच्या सौंदर्यशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु क्रोचे जितके सौंदर्यमीमांसक होते तितकेच इतिहासकारही होते, आणि स्वतःच्या देशात या दुसऱ्या नात्याने त्यांचा दरारा मोठा होता, याची जाणीव आपल्या चर्चेत क्वचितच उमटते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, नेपल्समधील त्यांच्या वाड्यात एक तरुण इंग्रज अभ्यासक येऊन बसू लागला. क्रोचे त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी या पाहुण्याला आपला ग्रंथसंग्रह मोकळ्या मनाने वापरू दिला. पुढे तेरा वर्षांनी त्याच पाहुण्याने लिहिलेला इटलीचा इतिहास क्रोचे यांच्याच प्रकाशकाने, बारी येथील लातेर्झा यांनी, इटालियन भाषेत प्रसिद्ध केला. आणि क्रोचे यांनी रेखाटलेल्या इतिहासचित्रावरचा तो एक उघड आक्षेप होता. ते पाहावयास क्रोचे हयात नव्हते. १९५२ सालीच त्यांचे निधन झाले होते.

या अभ्यासकाचे नाव डेनिस मॅक स्मिथ. त्यांचा जन्म १९२० सालचा, मृत्यू २०१७ सालचा. या दीर्घ आयुष्यातील सत्तरांपैकी साठ वर्षे तरी त्यांनी एकाच विषयाला वाहिली : १८६० ते १९४५ या काळातील इटलीला. त्यांच्या कार्याचा परिचय साहित्यविषयक नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्या देशात आधुनिक इटलीचा इतिहास आला तो इतिहास म्हणून आलाच नाही. तो चरित्र, व्याख्यान आणि अनुवाद या वाङ्मयप्रकारांच्या द्वारे आला. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी १८७० नंतरच्या दशकात कलकत्त्यातील विद्यार्थ्यांपुढे मॅझिनीवर व्याख्याने दिली. लाला लजपतराय यांनी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे उर्दूत लिहिली. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण मराठीत आणले; १९०७ साली ते पुस्तक महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले आणि सरकारने ते जप्त केले. त्याची प्रस्तावना तरुणांनी मुखोद्गत केली होती, असे त्या पिढीतील लोक सांगत. ‘अभिनव भारत’ या संघटनेच्या नावामागेही मॅझिनीच्या ‘तरुण इटली’चाच आदर्श होता.

या वाङ्मयातून जी इटली आपल्या मनात ठसली तिचे स्वरूप ठरीव होते. मॅझिनी हा तिचा आत्मा, गॅरिबाल्डी ही तिची तलवार, काव्हूर ही तिची बुद्धी, आणि व्हिक्टर इमॅन्युएल हा या तिघांच्या कार्यावर मुकुट ठेवणारा राजा. चौघे परस्परपूरक, चौघांचे ध्येय एक, भेद असलाच तर स्वभावाचा. ही मांडणी आपण निर्माण केलेली नव्हती. खुद्द इटलीतील पाठ्यपुस्तकांनी, चौकाचौकांतील पुतळ्यांनी आणि राजनिष्ठ इतिहासकारांनी ती घडविली होती. इंग्रजीत तिला सर्वांत मोहक रूप दिले ते जॉर्ज मॅकॉले ट्रेव्हेल्यन यांनी. गॅरिबाल्डीवरील त्यांचे तीन ग्रंथ १९०७, १९०९ आणि १९११ साली निघाले, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाने गॅरिबाल्डी पाहिला तो बहुधा त्यांच्याच डोळ्यांनी.

या चित्राला आपल्याकडून एक छेद मात्र फार लवकर गेला होता, आणि तो अनपेक्षित बाजूने. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये इटली आणि हिंदुस्थान यांच्या तुलनेला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मॅझिनीचे नाव उत्साहाने घेणाऱ्या वाचकाला ते उलट विचारतात की, ऑस्ट्रियाचे सैन्य गेल्याने इटलीतील शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? राजा आणि त्याचे मंत्री यांना जी इटली मिळाली ती मॅझिनीची इटली नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हे त्यांनी दप्तरे चाळून लिहिलेले नाही. तो एका नैतिक दृष्टीचा निष्कर्ष आहे. त्या निष्कर्षाच्या जवळपास जाणारे काही मॅक स्मिथ यांना पत्रव्यवहाराच्या राशींतून पुढे अर्धशतकाने सापडले. दोघांच्या वाटा सर्वस्वी भिन्न होत्या. हा योग नोंदवून पुढे जावे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

मॅक स्मिथ यांचे शिक्षण केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात झाले. तेथे हर्बर्ट बटरफील्ड यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. बटरफील्ड यांनी १९३१ साली एका छोट्या पुस्तकात असे दाखविले होते की, इतिहासकार शेवट जाणत असतो आणि म्हणून भूतकाळातील विजेत्यांना तो नकळत शहाणे ठरवितो. जे हरले ते त्याला केवळ प्रगतीच्या वाटेवरचे अडथळे वाटतात. हा विचार त्यांनी इंग्लंडच्या इतिहासासंबंधी मांडला. त्यांच्या या विद्यार्थ्याने तो इटलीला लावून पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही. युद्धकाळात मंत्रिमंडळाच्या कचेरीत काम केल्यानंतर मॅक स्मिथ १९४७ साली पीटरहाउसचे फेलो झाले. १९६२ साली ते ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स या, पदवीपूर्व विद्यार्थी नसलेल्या, संस्थेत गेले आणि १९८७ पर्यंत तेथे राहिले. बाह्य चरित्र एवढेच. उरलेले सगळे त्यांच्या ग्रंथांत आहे.

पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९५४ सालचा : ‘काव्हूर आणि गॅरिबाल्डी, १८६०’. सातशे-आठशे वर्षांचा पट न घेता लेखकाने त्या एका वर्षातील काही महिने घेतले. ५ मेच्या रात्री गॅरिबाल्डी सुमारे एक हजार स्वयंसेवकांसह जेनोआजवळून निघाला, ११ मे रोजी सिसिलीतील मार्साला येथे उतरला आणि महिनाअखेर पालेर्मोत शिरला. ७ सप्टेंबर रोजी तो नेपल्समध्ये होता. एवढा भाग ट्रेव्हेल्यन यांच्या वाचकांना ठाऊक होता. मॅक स्मिथ यांनी लक्ष वळविले ते लढायांच्या मध्यंतरातील पत्रांकडे आणि तारांकडे. काव्हूरच्या पत्रव्यवहाराची शासकीय आवृत्ती तेव्हा नुकतीच पुरी होत आली होती. दक्षिणेच्या मुक्तीविषयीचे तिचे पाच खंड १९४९ ते १९५४ या काळात निघाले. एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी काव्हूरची पत्रे छापताना त्यांतील अडचणीच्या ओळी गाळल्या होत्या. त्या आता वाचावयास मिळू लागल्या. दुसऱ्या बाजूला मॅझिनीच्या लेखनाची, जवळजवळ शंभर खंडांची, राष्ट्रीय आवृत्ती हाताशी होती. दोन्ही बाजूंची पत्रे तारखेवार शेजारी शेजारी ठेवली, की परस्परपूरकतेची ती जुनी कथा टिकत नाही.

काव्हूरला गॅरिबाल्डीचे यश हवे होते आणि नकोही होते. सिसिली ताबडतोब पीडमाँटच्या राज्यास जोडली जावी म्हणून त्याने ला फारिना यास पालेर्मोस धाडले. जुलैमध्ये गॅरिबाल्डीने त्याला बेटाबाहेर घालविले. गॅरिबाल्डीला विलीनीकरण लांबवावयाचे होते, कारण सिसिली आणि नेपल्स हातचे गेले की रोमकडे जाण्याचा तळच हातून जाणार. ऑगस्टमध्ये काव्हूरने आणखी एक डाव टाकून पाहिला : गॅरिबाल्डी पोचण्यापूर्वीच नेपल्समध्ये आपल्या हस्तकांकडून उठाव घडवून आणावयाचा. तो फसला. मग सप्टेंबरमध्ये पीडमाँटचे सैन्य पोपच्या मुलखात घुसले, आणि क्रांतीला आवर घालण्यासाठी आपण हे करीत आहो, असे युरोपच्या दरबारांना सांगण्यात आले. शाळेच्या पुस्तकात हीच घटना गॅरिबाल्डीच्या मदतीस धावून गेलेल्या राजाची कथा म्हणून येते. या झगड्याच्या मुळाशी एक खाजगी जखमही होती. त्याच वर्षी काव्हूरने नीस फ्रान्सला देऊन टाकले होते, आणि नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव.

या ग्रंथाचे खरे मोल काव्हूरचे कपट उघडे पाडण्यात आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मुत्सद्दी कपट करतात, यात नवल नाही. मोल आहे ते हरलेल्या पर्यायांना पुन्हा उभे करण्यात. १८६० च्या सप्टेंबरात कार्लो कात्तानेओ नेपल्सला आला आणि प्रांतांच्या स्वतंत्र सभा बोलवाव्यात, त्यांनी अटी ठरवून मग एकत्र यावे, असे त्याने सुचविले. सिसिलीतही असा विचार करणारे लोक होते. त्याऐवजी २१ ऑक्टोबर रोजी होय किंवा नाही एवढाच प्रश्न जनतेपुढे ठेवण्यात आला. सिसिलीत होकार पडले ४,३२,०५३ आणि नकार ६६७. हे आकडे कोणी लपविले नव्हते. उलट ते अभिमानाने कोरले गेले. मतपत्रिका सर्वांच्या देखत टाकावयाच्या असत आणि नेपल्समध्ये होय-नाहीची पात्रे वेगवेगळी ठेवलेली होती, एवढे लक्षात घेतले की त्या ६६७ जणांविषयी कुतूहल वाटू लागते.

येथे ललित वाङ्मयाचा संबंध येतो. मॅक स्मिथ यांनी १९५० सालीच सिसिलीतील १८६० च्या शेतकरी-उठावावर एक निबंध लिहिला होता. गॅरिबाल्डी उतरताच शेतकऱ्यांना वाटले की आता गावकीच्या जमिनीची वाटणी होणार. त्यांचा उद्रेक नसता तर मूठभर स्वयंसेवकांना बेट जिंकता आले नसते. पण जमीनदारांना नव्या राज्याकडे वळवावयाचे तर शेतकऱ्यांना आवरणे प्राप्त होते. एट्ना पर्वताच्या पायथ्याशी ब्रोंते या गावी ऑगस्टमध्ये दंगल होऊन गावातील काही प्रतिष्ठितांची हत्या झाली, तेव्हा गॅरिबाल्डीचा सेनानी नीनो बिक्सिओ तेथे गेला आणि घाईच्या खटल्यानंतर पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. हा प्रसंग राष्ट्रीय इतिहासात तळटीपेपुरता उरला होता. जोव्हानी वेर्गा याने मात्र १८८२ सालीच त्यावर ‘स्वातंत्र्य’ या नावाची कथा लिहिली होती. म्हणजे इतिहासकाराने दप्तरातून जे बाहेर काढले ते कथाकाराने सत्तर वर्षे आधी सांगून ठेवले होते, आणि वाचकांनी ते केवळ कथा म्हणून वाचले होते.

पुढचा योग याहून विलक्षण आहे. १९५८ च्या अखेरीस ज्युसेप्पे तोमासी दि लाम्पेदूसा यांची ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्यात १८६० ची सिसिली आहे, तो सार्वमताचा दिवस आहे, आणि नोंदलाच न गेलेला एक नकारही आहे. मॅक स्मिथ यांचा इतिहास इटालियन वाचकांच्या हाती पडला तो लगेच पुढच्या वर्षी. दोन्ही पुस्तकांवर रागावणारे आणि दोन्ही पुस्तके झपाट्याने वाचणारे लोक बऱ्याच अंशी तेच होते. एक सिसिलीचा सरदार आणि एक इंग्रज प्राध्यापक यांनी एकमेकांचे काही न वाचता त्याच जागी बोट ठेवावे, हे त्या जागेविषयी बरेच सांगून जाते.

१९५९ सालच्या त्या इतिहासाने वाद पेटविला. क्रोचे यांनी १९२८ साली, मुसोलिनीची सत्ता दृढ झालेली असताना, १८७१ ते १९१५ या काळाचा इतिहास लिहिला होता. त्या उदारमतवादी कालखंडातील संयम आणि प्रगती दाखवून त्यांनी हुकूमशाहीचा अप्रत्यक्ष धिक्कार केला; त्या परिस्थितीत तसे लिहिण्यास धैर्य लागत होते. फॅसिझम हा इटलीच्या इतिहासातील एक कंस होय, एक बाहेरून शिरलेला रोग होय, असे त्यांचे पुढचे प्रतिपादन. मॅक स्मिथ यांनी हा कंस मोडला. १८६१ साली सुमारे सव्वादोन कोटींच्या देशात मताधिकार होता तो साधारण दोन टक्के लोकांना; प्रांतांना स्वायत्तता देण्याच्या योजना बाजूस सारून पीडमाँटचे कायदे सर्वत्र लागू झाले; दक्षिणेतील असंतोषाला दरोडेखोरी हे नाव देऊन ती मोडण्यासाठी एक लाखाच्या आसपास सैन्य गुंतविले गेले; संसदेत पक्ष उभे राहण्याऐवजी बहुमत जुळविण्याचे कौशल्य वाढले. राजाने तर आपल्या नावापुढचा ‘दुसरा’ हा अंकही बदलला नाही. इटलीचा तो पहिलाच राजा असूनही. या सवयींतून १९२२ ची वाट सुकर झाली, असा त्यांचा निष्कर्ष.

असा विचार इटलीत कोणी केलाच नव्हता असे नाही. पिएरो गोबेत्ती या अकाली गेलेल्या तरुणाने १९२६ सालीच वीरांवाचूनच्या पुनरुत्थानाची भाषा वापरली होती. ग्राम्शी यांनी तुरुंगातील वह्यांत काव्हूरच्या पक्षाने लोकांना बाजूस ठेवून केलेल्या क्रांतीचे विश्लेषण केले होते आणि त्या वह्या १९४८ पासून छापल्या जात होत्या. पण गोबेत्ती आणि ग्राम्शी हे घरचे टीकाकार, आणि दोघेही हुकूमशाहीचे बळी. मॅक स्मिथ परके होते, मार्क्सवादी नव्हते, आणि त्यांची शैली उपरोधाची होती. रोझारिओ रोमेओ यांच्यासारखा मातबर इतिहासकार त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. काव्हूरचे तीन भागांचे प्रचंड चरित्र लिहिणाऱ्या रोमेओ यांचे म्हणणे असे की, युरोपातील सत्तांचा तोल आणि देशाचे दारिद्र्य पाहता काव्हूरने साधले ते अजोड होते. दुसरे पर्याय कागदावर होते, प्रत्यक्षात नव्हते. हा आक्षेप पोकळ नव्हे. कात्तानेओची संघराज्याची कल्पना १८६० साली किती दिवस टिकली असती, याचे उत्तर मॅक स्मिथ यांनीही दिलेले नाही. परक्याने आमच्या राष्ट्रपित्यांची निंदा करावी काय, हा दुसरा आक्षेप मात्र विचारांती गळून पडतो. त्या ग्रंथाला इटलीत ज्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या लाभल्या त्या वाचकांनी विकत घेतलेल्या होत्या. आपल्या पुतळ्यांविषयी वेगळे ऐकण्याची भूक तेथे होतीच. आपल्याकडेही परक्या संशोधकाने एखाद्या थोर पुरुषाविषयी लिहिले म्हणजे प्रथम त्याचे गोत्र विचारले जाते आणि मग त्याचे पुरावे. इटलीतील हा वाद वाचताना ती चाल ओळखीची वाटते.

मुसोलिनीवरील त्यांचे लेखन मला तितके समाधानकारक वाटत नाही. १९७६ च्या ग्रंथात त्यांनी मुसोलिनीच्या साम्राज्यस्वप्नाचा आणि १९८१ च्या चरित्रात त्याच्या व्यक्तित्वाचा वेध घेतला. प्रचाराने अखेर प्रचारकालाच कसे फसविले, कागदोपत्री असलेल्या सैन्यतुकड्यांवर खुद्द त्याचाच कसा विश्वास बसला, हे ते मार्मिकपणे दाखवितात. परंतु या नटापुढे कोट्यवधी प्रेक्षक वीस वर्षे का बसून राहिले? रेन्झो दे फेलिचे यांनी १९६५ पासून लिहिलेल्या अवाढव्य चरित्रात तीसच्या दशकातील लोकसंमतीचा मुद्दा पुढे आणला होता. मॅक स्मिथ यांना त्यात हुकूमशहाच्या समर्थनाचा वास आला आणि १९७५ नंतर वृत्तपत्रांतून मोठा वाद झडला. नैतिक दक्षता त्यांच्या बाजूस होती हे खरे; पण प्रश्न दे फेलिचे यांनी विचारला होता. त्याचे अधिक सूक्ष्म उत्तर दिले ते मॅक स्मिथ यांचेच शिष्य ख्रिस्तोफर डगन यांनी. सामान्य इटालियनांच्या रोजनिश्या आणि मुसोलिनीला त्यांनी धाडलेली पत्रे वाचून त्यांनी २०१२ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात ती भक्ती कशाची बनलेली होती हे दिसते. गुरूने मंत्र्यांची पत्रे वाचली, शिष्याने शिक्षिकांची आणि सैनिकांची.

मॅक स्मिथ यांची मर्यादा यावरून ध्यानात येते. त्यांचा इतिहास सत्ताधाऱ्यांच्या लेखणीतून वाचलेला आहे. लोक काय वाचीत होते, कोणती गाणी म्हणत होते, कोणत्या भाषेत स्वप्ने पाहत होते, इकडे त्यांचे लक्ष थोडे. एकीकरणाच्या वेळी इटालियन भाषा बोलू शकणारे लोक शेकडा अडीच होते, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ साली मांडला. पुढे इतरांनी तो शेकडा नऊपर्यंत नेला. कोणताही आकडा घेतला तरी ज्या भाषेत राष्ट्र घोषित झाले ती बहुसंख्यांच्या घरातली नव्हती. असे असता सुशिक्षित तरुण त्या राष्ट्रासाठी मरावयास का निघाले, याचे उत्तर अल्बेर्तो मारिओ बान्ती यांनी २००० साली कविता, कादंबऱ्या आणि संगीतनाटके यांतून शोधले. ल्यूसी रायल यांनी २००७ साली वृत्तपत्रे, चित्रे आणि चरित्रे यांनी गॅरिबाल्डी हा वीर कसा घडविला ते दाखविले. लाहोरपासून नाशिकपर्यंत वाचली गेलेली आपली चरित्रे त्याच घडणीची दूरची शाखा म्हणता येतील.

मॅझिनीवरील चरित्र मॅक स्मिथ यांनी उतारवयात, १९९४ साली, लिहिले, आणि त्यात त्यांचा उपरोध बराचसा मावळलेला आहे. हा मॅझिनी कटवाला आहे, पण त्याहून अधिक तो राष्ट्राराष्ट्रांच्या सख्याचे आणि संघटित युरोपचे चिंतन करणारा आहे. लंडनमध्ये रस्त्यावर वाद्ये वाजवून पोट भरणाऱ्या इटालियन पोरांसाठी १८४१ साली त्याने मोफत शाळा काढली. १८६६ साली मेस्सिना शहराने त्याला संसदेवर निवडून दिले आणि त्याच्यावरील जुन्या देहदंडाच्या शिक्षेचे कारण सांगून ती निवड रद्द झाली. १८७२ साली, स्वतंत्र झालेल्या इटलीत, पिसा येथे तो वारला तेव्हा ब्राउन हे नाव धारण करून राहत होता. फॅसिस्टांनी त्याला आपला पूर्वज म्हणून मिरविले याची चीड या चरित्रात जागोजाग जाणवते.

हा मॅझिनी साहित्यसमीक्षकही होता. त्याचा आरंभीचा एक निबंध दान्तेच्या देशप्रेमावर आहे. बायरन आणि ग्यॉटे यांची त्याने तुलना केली. संगीताच्या तत्त्वज्ञानावर १८३६ साली लिहिले. इंग्लंडमधील नियतकालिकांत त्याने कार्लाइलचे परीक्षण केले. त्याच्या लेखनाची जी सहा खंडांची इंग्रजी आवृत्ती १८६४ ते १८७० या काळात निघाली आणि जी लंडनमध्ये सावरकरांच्या हाती आली, तिचे तीन खंड आत्मचरित्रात्मक व राजकीय लेखनाचे आहेत आणि उरलेले तीन समीक्षा व वाङ्मय यांचे. मराठी अनुवादाच्या नावात ‘आत्मचरित्र’ आणि ‘राजकारण’ हे दोनच शब्द आहेत. त्या काळाची निकड पाहता ती निवड समजण्यासारखी होती. दुसरे, चौथे आणि सहावे या खंडांतील समीक्षक मॅझिनीकडे मात्र मराठी समीक्षकाने आता वळावयास हवे.